रिकाम्या कॉम्प्युटरची इर्जिक

लिज्जत पापडाचं काम कसं चालतं, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना माहीत आहे. सकाळी केंद्रावर जायचं, मळलेलं पीठ वजन करून घ्यायचं, घरी येऊन आपल्या सवडीनं लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचं. तिथं पापड तपासले जातात, वजन होतं, मगच जमा होतात. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात जणींनी सुरू केलेलं हे काम एवढं मोठं झालं ते हजारो घरांतल्या पोळपाट-लाटण्यांवर.

आता पिठाच्या जागी गणित आहे असं समजा आणि पोळपाटाच्या जागी घरातला कॉम्प्युटर. कर्करोगावर, विषाणूंवर, आकाशातल्या ताऱ्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांकडे कधीकधी इतकी आकडेमोड साठते की ती उरकायला महासंगणकाकडे जावं लागतं. तिथं नंबर लागायला पैसाही हवा आणि धीरही. म्हणून ते या आकडेमोडीचे लाखो बारके तुकडे करतात आणि ज्यांची तयारी असेल त्यांच्या घरी इंटरनेटवरून पाठवतात. आपला कॉम्प्युटर एक तुकडा घेतो, काही तास त्याच्याशी झटतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा तुकडा मागतो. तपासणी इथंही आहे. बऱ्याचदा एकच तुकडा दोन घरी जातो आणि दोन्हीकडची उत्तरं जुळली तरच जमा होतो.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मैत्रिणींना यासाठी वेगळा शब्द शिकवायला नको. एखाद्याची पेरणी मागं राहिली की गावातले लोक आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि दिवसात काम उरकून द्यायचे. त्याला इर्जिक म्हणायचे. सावडीत आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, असा हिशेब असतो. इर्जिकीला जेवणाशिवाय मोबदला नसायचा. इथं तर जेवणही नाही!

मी परभणीची. सतरा वर्षं एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकवलं, आता घरीच मुलांच्या शिकवण्या घेते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर मी हे काम सुरू केलं, आणि २०२३ पासून त्यासाठी एक वेगळा छोटा कॉम्प्युटर ठेवलाय. वर्गात शिकून गेलेल्या मुली (आता त्यांचीच मुलं दहावीला आहेत) अधूनमधून फोन करतात, "मॅडम, मलाही करायचंय, पण कुठला घेऊ? स्वस्तातला सांगा." त्या स्वस्त या शब्दावरच आज बोलायचं आहे.

त्याआधी फोनवरचा दुसरा प्रश्न. "महिन्याला किती मिळतात?" काही नाही मिळत. एक पैसाही नाही. काम जमा झालं की खात्यात गुण पडतात, त्याला क्रेडिट म्हणतात, आणि त्या गुणांची कोथिंबिरीची जुडीसुद्धा येत नाही. तुमचा कॉम्प्युटर आम्हाला जोडा आणि घरबसल्या कमवा, आधी नोंदणीचे अमुक भरा, असं कुणी म्हणालं तर तो फोन तिथंच ठेवा. ते हे काम नव्हे.

मग लोक करतात कशासाठी? सुरुवात झाली कुतूहलातून. अमेरिकेतल्या बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं मे १९९९ मध्ये सेटी ॲट होम नावाचा प्रकल्प सुरू केला. परग्रहावरून कुणाची हाक येते का, हे रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींमध्ये शोधायचं. पन्नास लाखांहून जास्त लोक त्यात आले. हाक काही आली नाही, आणि मार्च २०२० अखेर त्यांनी नवे तुकडे पाठवणं थांबवलं. पण त्यातून बॉइंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर तयार झालं, आणि आज बरेचसे प्रकल्प त्यावरच चालतात. दुसरा मोठा प्रकल्प फोल्डिंग ॲट होम. तो २००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला. शरीरातली प्रथिनं कशी घड्या घालतात, कशी हलतात, हे त्यात पाहतात, कारण औषध नेमकं कुठं चिकटेल ते त्यावर ठरतं. कोरोनाच्या साथीत जगभरातून दहा लाखांवर यंत्रं त्याला जोडली गेली आणि सगळ्यांची मिळून ताकद त्या वेळच्या पहिल्या नंबरच्या महासंगणकापेक्षाही जास्त झाली.

तिसरा आइन्स्टाइन ॲट होम, आणि हा आम्हा परभणीकरांच्या जरा जवळचा. २००५ पासून चालू आहे. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या नोंदींमध्ये गुरुत्वीय लहरी शोधायच्या आणि रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींमध्ये पल्सार, म्हणजे गरागरा फिरणारे मेलेले तारे, हुडकायचे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस, यांच्या घरच्या कॉम्प्युटरांवर सुटलेल्या तुकड्यांतून एक अगदी नवा पल्सार सापडला. सेकंदाला एकेचाळीस गिरक्या घेणारा! तीच लायगो आता आमच्या शेजारी येते आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. श्रावणात आम्ही ज्या औंढ्याला दर्शनाला जातो, तिथल्या नोंदी पुढं कधीतरी माझ्या घरातल्या डब्यात गणितासाठी आल्या, तर मला फार गंमत वाटेल.

मी मात्र जास्त वेळ देते तो चौथ्याला. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड, २००४ मध्ये आयबीएमनं सुरू केलेलं आणि पुढं कॅनडातल्या टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेलेलं. त्यात २०१३ पासून कर्करोगाच्या खुणा शोधण्याचं काम आहे. रुग्णांच्या पेशींच्या नोंदींमधून कुठल्या खुणा एकत्र दिसल्या की कर्करोग आहे असं लवकर ओळखता येईल, हे तपासायचं. त्यात फुफ्फुसाचा कर्करोग आहे आणि अंडाशयाचाही. माझी ताई अंडाशयाच्या कर्करोगानं २०१८ मध्ये गेली. पोट फुगल्यासारखं वाटतं, भूक लागत नाही, म्हणून आठ महिने ती ॲसिडिटीच्या गोळ्या खात होती. कळलं तेव्हा तिसरी पायरी होती. हा आजार असाच लपून येतो, म्हणून तर त्या खुणा हव्यात. माझ्या एका कॉम्प्युटरनं त्यात काय होणार, हे मला कळतं. पण काहीच न करता बसणं मला जमत नव्हतं.

असो. आता खरेदी.

पहिलं म्हणजे, या कामासाठी नवा कॉम्प्युटर घेऊ नका. घरात मुलांच्या अभ्यासासाठी आहे, दुकानाच्या बिलांसाठी आहे, तो आधी वापरून बघा. बॉइंकमध्ये एक सोय आहे, कुणी की-बोर्डला हात लावला की काम थांबवायचं आणि हात काढला की पुन्हा सुरू. महिनाभर तसं चालवा. मन रमलं तरच पुढचा विचार. कचेरीतला किंवा बँकेतला कॉम्प्युटर मात्र साहेबांना विचारल्याशिवाय यात गुंतवायचा नाही.

आणि दुसरं, जे मी दर फोनवर सांगते: दुकानातली किंमत ही अर्धीच किंमत आहे. उरलेली अर्धी दर महिन्याला महावितरणच्या बिलात येते. फ्रिज घेताना आपण त्यावरचे तारे मोजतो, पंखा घेताना वॅट विचारतो. इथं तर यंत्र तासन् तास पूर्ण ताकदीनं चालणार.

हिशेब सोपा आहे. एक वॅट दिवसरात्र महिनाभर चालला की पाऊण युनिटाला थोडं कमी, ०.७२. म्हणजे शंभर वॅट खाणारं यंत्र महिन्याला ७२ युनिट. आपल्या घरगुती बिलात शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या दुपटीच्या आसपास, तीनशेच्या पुढं आणखी वर. घरात रोजच्या वापराचे शंभर तसेही होतात, तेव्हा कॉम्प्युटरचे युनिट वरच्या पायरीतच पडणार. वहन आकार, वीज शुल्क वगैरे धरून मी तेरा रुपये युनिट असा हिशेब करते. तुमचं बिल काढा, उलटून मागचा तक्ता बघा, तुमचा आकडा तुम्हाला सापडेल.

लॉकडाऊनमध्ये जो जुना डेस्कटॉप मी लावला होता तो कोअर टू ड्युओचा, बहुतेकांच्या घरी माळ्यावर असतो तसला. प्लगमध्ये खोचायचा वॅट मीटर मिळतो. तो लावून पाहिलं तर पूर्ण कामावर ९५ वॅट, मॉनिटर बंद ठेवून. महिन्याला ६८ युनिट, जवळजवळ ८९० रुपये! सध्याचा छोटा कॉम्प्युटर ३८ वॅटवर चालतो, म्हणजे २७ युनिट, साडेतीनशे रुपये. आणि तो जुना दिवसभरात जेवढे तुकडे सोडवायचा, तेवढे हा चार-पाच तासांत सोडवतो. छोट्याला मी साडेबारा हजार मोजले. जुना फुकटचा होता. महिन्याला पाचशेच्या वर वाचतात म्हणजे दोन वर्षांत कोण महाग पडला ते तुम्हीच बघा. शेजारच्या वहिनींनी त्यांचा पेन्टियम मला "घेऊन जा, तसाच पडलाय" म्हणून देऊ केला होता. मी हात जोडले. या कामात फुकटचा कॉम्प्युटर परवडत नाही.

मग घ्यायचा कुठला? माझं उत्तर गेली दोन-तीन वर्षं एकच आहे. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून चार-पाच वर्षं वापरून काढून टाकलेले छोटे कॉम्प्युटर. पोळ्यांच्या डब्याएवढे असतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, ही त्यांची नावं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा माल येतो आणि तिथून आपल्याकडच्या दुकानांत. दुकानदार त्याला रिफर्बिश्ड म्हणतात. म्हणजे कुठं खरंच आतून साफ करून, तपासून दिलेला असतो आणि कुठं नुसता ओल्या फडक्यानं पुसलेला.

त्यावर प्रोसेसरचं नाव असतं ते वाचायला शिका. उदाहरणार्थ माझा आय-फाइव्ह ८५०० टी. पहिला आकडा आठ म्हणजे आठवी पिढी. शेवटचं टी हे अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. टी म्हणजे कमी विजेवर चालणारा, ३५ वॅटचा. त्याच नावाचा टी नसलेला भाऊ ६५ वॅटचा असतो. दुकानदार म्हणेल, "मॅडम, टी म्हणजे जरा स्लो." बरोबर आहे त्याचं. आपल्याला घाई नाही.

पुढं कोर. कोर म्हणजे शेगडीचे बर्नर समजा. एका बर्नरवर साधारण एक तुकडा शिजतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या आय-फाइव्हला चार कोर, आठव्या पिढीच्या आय-फाइव्हला सहा. म्हणून सातवी आणि आठवी यांच्या किमतीत दोन-अडीच हजारांचाच फरक असेल तर आठवी घ्या. त्याहून नव्या पिढीचा मिळाला आणि बजेटात बसला तर उत्तमच, पण त्यासाठी कुणी भिशी मोडू नये. आणखी एक. विंडोज १० ला कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढंच चालतं. म्हणून सहावी-सातवीचे कॉम्प्युटर ऑफिसांतून ढिगानं बाहेर पडताहेत. ते घेतलेत तर त्यावर लिनक्स मिंट टाका. मोफत आहे, आणि बॉइंक त्यावर उत्तम चालतं. मी आठव्या पिढीवरही तेच टाकलंय.

रॅम आठ जीबी पुरते. कर्करोगाच्या तुकड्यांना फार लागत नाही. सोळाच्या मागं लागून दोन हजार वाढवू नका. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी, सर्वात लहान चालते. मॉनिटर विकत घेऊ नका. पहिल्या दिवशी टीव्हीला जोडून सगळं बसवायचं, मग काढून टाकायचा.

दुकानात गेल्यावर लाजू नका. साडी घेताना आपण पदरापासून काठापर्यंत उलगडून बघतो, मग इथं काय झालं? चालू करायला लावा आणि अर्धा तास तसाच चालू ठेवा. पंख्याचा खरखर आवाज येतो का ऐका. ॲडॉप्टर त्याच कंपनीचा आहे ना ते बघा, कारण काही मॉडेलांना दुसराच ॲडॉप्टर लावला तर ती मुद्दाम संथ होतात. आणि बायोसला पासवर्ड आहे का, हे विचारूच नका, स्वतः उघडून पाहा. ऑफिसचे कॉम्प्युटर असल्यामुळे पुष्कळदा जुन्या मालकाचं कुलूप तसंच असतं. आपल्याला आत जावंच लागतं, कारण तिथं एक सोय आहे: वीज गेली आणि परत आली की यंत्रानं आपोआप चालू व्हायचं. आमच्याकडे ती सोय नसती तर मी दिवसातून चारदा बटण दाबत बसले असते!

विजेचं निघालं म्हणून सांगते, लाईट गेल्यानं केलेलं काम सगळं वाया जात नाही. बहुतेक प्रकल्पांत थोड्या थोड्या वेळानं खूण टाकून ठेवलेली असते. विणकामात आपण मार्कर लावतो तसं. लाईट आली की तिथून पुढं. तुकडा परत करायला प्रकल्पाप्रमाणे आठवडा-दोन आठवडे मुदत असते. तरीही व्होल्टेज वरखाली होत असेल तर छोटा यूपीएस लावावा. इन्व्हर्टरवर मात्र चालवू नका. लोडशेडिंगमध्ये पंखा महत्त्वाचा की पल्सार?

आता ज्या गोष्टींवर मी नाही म्हणते त्या. लॅपटॉप. दिवसरात्र पूर्ण ताकदीनं चालायला तो बनवलेलाच नसतो, आणि बॅटरी तापून फुगते. मोबाइल. बॉइंक अँड्रॉइड फोनवर २०१३ पासून आहे, फोन चार्जिंगला असेल तेव्हाच काम करतं. पण उशाशी तापलेला जुना फोन ठेवायला मला भीती वाटते, म्हणून मी सुचवत नाही. रास्पबेरी पाय नावाचं पत्त्याच्या कॅटएवढं यंत्र मिळतं. वीज अगदी थोडी खातं, इंजिनिअरिंगच्या मुलांना त्याचं भारी वेड. पण त्याचा ॲडॉप्टर, पंखा, कार्ड, डबी सगळं धरलं की किंमत जुन्या मिनी कॉम्प्युटरपर्यंत जाते, काम कमी होतं आणि सगळे प्रकल्प त्यावर चालतही नाहीत. मुलाला शिकायला घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

आणि ग्राफिक्स कार्ड. फोल्डिंग ॲट होमला खरा जोर त्याचाच लागतो, हे खरं. गेम खेळणाऱ्या मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये ते आधीच असेल तर रात्री तास-दोन तास जरूर चालवा. पण मुद्दाम घ्यायचं तर या कामाजोगं लहान कार्डसुद्धा ७५ वॅटच्या आसपास खातं. सबंध कॉम्प्युटर मिळून सव्वाशेच्या पुढं. दिवसरात्र चालवलं तर महिन्याला नव्वद युनिट, आणि बिल तीनशेची पायरी गाठायला लागतं. छपरावर सोलर बसवलेलं असेल आणि वीज उरत असेल तर गोष्ट वेगळी. स्वस्तातली जुनी कार्डं घेताना एवढं लक्षात ठेवा की आभासी चलन खणायला वर्षानुवर्षं राबवलेली पुष्कळ कार्डं २०२२ नंतर बाजारात आली. वरून चकचकीत असतात. पंखे मात्र थकलेले.

बसवणं अवघड नाही. बॉइंक त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवून घ्यायचं, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. प्रकल्प निवडायचा, ई-मेल आणि पासवर्ड द्यायचा, झालं. मग एक सेटिंग बदलायचं: सगळे कोर वापरू नका, सहातले चार वापरा. सहाच्या सहा लावले तर माझ्या यंत्राचे वॅट ४५ वर जातात आणि पंखा भणभणतो. चारवर ते शांत असतं, आणि आयुष्यही जास्त. वेळही नेमता येते. एकीनं रात्री दहा ते सकाळी आठ एवढंच ठेवलंय. तिला महिन्याला साडेअकरा युनिट पडतात, दीडशे रुपये. एवढंही पुरे आहे. नेटचा डेटा मोजून वापरत असाल तर कर्करोगाचे तुकडे बरे, ते लहान असतात. आइन्स्टाइनवाल्यांच्या फाइली मोठ्या. आणि दोन प्रकल्पांना नाव नोंदवून ठेवा. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडचं टोरांटोला बिऱ्हाड हलत होतं तेव्हा २०२२ मध्ये कित्येक महिने काम बंद होतं. एकीकडं पीठ नसलं तर दुसऱ्या केंद्रावर जाता यावं.

ठेवायचा कुठं? गॅसच्या जवळ नाही, देवघरातही नाही. उदबत्तीची राख आणि तेलाची वाफ पंख्यात बसते. भिंतीपासून वीतभर लांब, मोकळ्या हवेत. दिवाळीच्या सफाईत आणि होळीला असं दोनदा उघडून धूळ ब्रशनं काढायची. आणि परभणीचा उन्हाळा म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. पारा चव्वेचाळीसवर असताना घरात आणखी चाळीस वॅटची शेगडी कशाला? एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत मी तो बंद ठेवते. थंडीत मात्र आमची मांजर त्याच्याच बाजूला झोपते.

घरच्यांचं काय, हेही विचारतात मैत्रिणी. खरं तर अवघड भाग तोच. सासूबाई पहिल्या वर्षी रोज म्हणायच्या, "कुणाच्या नावानं जाळायलीस गं लाईट?" मी त्यांना ताईचं सांगितलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. पण आमचे हे शिक्षक, त्यांनी सरळ हिशेब मांडला. वर्षाचे तीन हजार होतात. तेच एखाद्या रुग्णाच्या औषधाला दिलेस तर उद्या उपयोगी पडतील, तुझ्या तुकड्यांचं फळ कधी येईल, येईल की नाही, कुणी सांगावं? मुद्दा खोटा नव्हता. आजही नाही. ज्या घरात फीचे पैसे कमी पडताहेत, ज्या घरात कुणी आजारी आहे, तिथल्या मैत्रिणीला मी स्वतःच सांगते की यात पडू नकोस, तुझं रान आधी. मी ह्यांना एवढंच म्हटलं की ते तीन हजार माझ्या शिकवणीतले आहेत, रुग्णाला द्यायचे ते मी वेगळे देते, आणि तुमच्या टपरीवरच्या चहाचा हिशेब या घरात कधी कुणी मांडलेला नाही. ते हसले. गेल्या दिवाळीत डब्यातली धूळ त्यांनीच काढली.

बिल माझ्या नावाचं नाही, पण भरते मीच, आणि कॅलेंडरवर दर महिन्याला त्याचे युनिट वेगळे लिहून ठेवते. जानेवारीत घराचे सगळे मिळून १७४ आले. त्यातले सत्तावीस त्याचे.